सगळ्या फाइलींचे एकटे मालक

शाळेच्या संगणकातली प्रत्येक फाइल कुणा ना कुणा कारकुनाच्या नावावर आहे, हे कळताच अध्यक्ष हंबीरराव खवळले. संगणक सांभाळणाऱ्या शेवंतावर गरजले, "शाळा माझी, तर फाइली यांच्या कशा? सगळ्या माझ्या एकट्याच्या नावावर कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

"बरं साहेब," म्हणत शेवंताने तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी कुणालाच फाइल उघडेना. अध्यक्षांच्या दारात रांग लागली. "साहेब, दाखल्यांची उघडून द्या!" "साहेब, हजेरीची!" त्यांचा डबा गार झाला.

"शेवंता, काय घोळ घातलास?"

"घोळ कसला, साहेब? मालक एकटे तुम्ही, मग हमालीही एकट्यानेच करायची!"

संध्याकाळी ज्याची फाइल त्याच्या नावावर गेली. शेवंता दुसऱ्या दिवशीही कामावर आली.