हन्नाबाईचा उपास

फार वर्षांपूर्वी, बोरदऱ्याच्या चर्चवर अजून गवताचं छप्पर होतं, तेव्हाची ही गोष्ट. पोरांनो, ऐका. म्हाताऱ्यांनो, तुम्हीही ऐका, कारण तुम्ही ती सोयीपुरतीच सांगता.

गावकुसाबाहेर दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. गावाला दोन्हींचा विटाळ होता आणि वरच्या आळीला खालचीचा. दोन्ही आळ्यांनी एकाच दिवशी, एकाच ओढ्यात बाप्तिस्मा घेतला. फक्त वरची आळी वरच्या अंगाला उतरली आणि खालची खालच्या अंगाला. असं म्हणतात, त्या दिवशी ओढा लाजेने थोडा वेळ वाहायचा थांबला होता.

चर्चची एक रीत होती. बाई भाकरी थापायला बसली की आधी मूठभर पीठ बाजूला काढायची. ती प्रभूची मूठ. रविवारी ते पीठ चर्चच्या दारातल्या मडक्यात पडायचं. मडकी दोन होती, दोन आळ्यांची. प्रभुभोजनाच्या भाकरी दोन आणि ताटंही दोन. उरलेलं पीठ ज्याच्या त्याच्या आळीतल्या उपाशी माणसाला मिळायचं. पाद्रीबाबा 'मंडळी म्हणजे एक शरीर' असा उपदेश करायचे आणि मग दोन ताटांना आशीर्वाद द्यायचे. त्यांचंही पोट मंडळीवरच होतं.

मडक्यांची राखण हन्नाबाईकडे होती, आणि दोन्ही भाकरींचं पीठही तीच वेगवेगळं मळायची. वरच्या आळीतली विधवा, तोंडाने फटकळ, हाताने चोख. मंडळीचे पंच शिमोनबुवा तिचे दीर. चिमूटभर पीठही तिने कधी इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, आणि याचा तिला अभिमान होता.

मग तो दुष्काळ आला. ओढा आटला, गुरं मेली, माणसं पाला शिजवून खाऊ लागली. खालच्या आळीचं मडकं रिकामं पडलं. वरच्या आळीतल्या काही पुरुषांना सरकारी रस्त्यावर खडी फोडायचं काम मिळालं होतं, म्हणून त्यांच्या मडक्यात थोडंफार पीठ पडत राहिलं.

एके सकाळी खालच्या आळीतली सारजा लेकीला कडेवर घेऊन चर्चच्या दारात आली. पोर चांगली चालती-बोलती होती, पण आता मान आईच्या खांद्यावर टाकून पडली होती. सारजाने पदर पसरला. हन्नाबाईने वरच्या आळीच्या मडक्यावर झाकण ठेवलं.

"ह्यातलं तुला कसं देऊ, सारजे? हे आमच्या आळीचं हाय."

ती काही दुष्ट नव्हती. तिने रीत पाळली, एवढंच. सारजाने पदर आवरला आणि ती परतली. रविवार उजाडायच्या आत तिची पोर गेली.

त्या रविवारी हन्नाबाई दोन ताटं घेऊन उभी राहिली. असं म्हणतात, वरच्या आळीच्या भाकरीवर तिला लहान पोराच्या बोटांचे ठसे दिसले. तिने पदराने पुसून पाहिले, ते जाईनात. तेव्हा तिने ताटं खाली ठेवली, दारातून दोन्ही मडकी आणली आणि सगळ्यांसमोर एकाच परातीत उपडी केली. खालच्या आळीच्या मडक्यातून नुसती धूळ पडली. तीही तिने पिठात कालवली.

"सारजाची पोर मी मारली," ती म्हणाली. "आता ह्या हातांना येगळं मळणं जमायचं न्हाई."

शिमोनबुवांनी तिला परात ठेवून द्यायला सांगितलं. तिने ऐकलं नाही. वरची आळी उठून बाहेर गेली. पाद्रीबाबा डोळे मिटून प्रार्थना करत राहिले, आणि बराच वेळ त्यांनी डोळे उघडलेच नाहीत.

त्याच दिवशी वरच्या आळीने हन्नाबाईचं पाणी तोडलं. तिच्या सुनेने घराचं दार लावून घेतलं. मग चर्चच्या अंगणात तीन दगड मांडून हन्नाबाईने चूल पेटवली. वरच्या आळीने प्रभूची मूठ बंद केली, तरी परातीतलं पीठ सरेना. असं म्हणतात, एक भाकर थापली की तेवढंच पीठ खालून वर यायचं. आधी खालच्या आळीची पोरं जेवली. मग वरच्या आळीची पोरं येऊ लागली, आणि त्यांच्या आईबापांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. पुढे गावातूनही माणसं आली, आधी तोंड झाकून, मग उघड्या तोंडाने. सगळे एकाच अंगणात बसले, कारण बसायला दुसरी जागा नव्हती. त्यांना एकमेकांचं प्रेम आलं होतं असं कुणी समजू नका. त्यांना भूक लागली होती.

हन्नाबाई मात्र खात नव्हती. सारजा आपल्या हाताने देईल तेव्हाच घास घेईन, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. सारजा रोज यायची, सासूसाठी भाकर घ्यायची आणि तिच्याकडे न बघता निघून जायची. तिने तरी का द्यावा घास? तुम्हीच सांगा.

हन्नाबाईची हाडं निघाली. चुलीपुढे बसवेना, तेव्हा ती भिंतीला टेकून भाकरी थापायची. शेवटी हात उचलेनासा झाला, तेव्हा सारजा तिच्यासमोर येऊन बसली. भाकरीचा तुकडा मोडून तिने हन्नाबाईच्या तोंडासमोर धरला.

"माझ्या लेकीचं नाव काय व्हतं, हन्नाबाई?"

हन्नाबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. पोरीचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला होता. दर रविवारी ती खालच्या अंगाला बसून गीतं म्हणायची. हन्नाबाईने आजूबाजूला बघितलं. शिमोनबुवा नातवाला घेऊन भाकरीसाठी आले होते. त्यांनी मान खाली घातली. वरच्या आळीतल्या एकालाही ते नाव ठाऊक नव्हतं.

"रिबका," सारजा म्हणाली. "आता म्हणा."

"रिबका," हन्नाबाई म्हणाली आणि तिने घास घेतला.

तो घशाखाली उतरला की नाही, यावर अजून वाद आहे. वरच्या आळीतले उतरला म्हणतात. खालच्या आळीतले गप्प बसतात. हन्नाबाईने तिथेच प्राण सोडला, आणि परातीचा तळ उघडा पडला.

असं म्हणतात, तिची तिरडी एका आळीच्या खांद्यांना उचलेना. वरच्या आळीचे चौघे लागले, हलली नाही. खालच्या आळीचे चौघे लागले, हलली नाही. मग शिमोनबुवांनी खालच्या आळीच्या माणसांशेजारी खांदा दिला, तेव्हा कुठे ती उठली. रिबकाच्या शेजारी तिला माती दिली. सारजा मातीला गेली नाही. तिने क्षमा केली असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तसं कुणीच पाहिलेलं नाही.

बोरदऱ्यात आजही वर्षातून एकदा हन्नाबाईचा रविवार पाळतात. दोन्ही आळ्यांचं आणि आता गावाचंही पीठ एकत्र मळतात. त्या दिवशी कुणी आपल्या हाताने भाकर घेत नाही. दुसऱ्या आळीतलं माणूस घास मोडून तोंडासमोर धरतं आणि विचारतं, "तिचं नाव काय होतं?" ज्याला सांगता येत नाही, त्याचा घास परत ताटात जातो, मग तो जावई असो की नवा पाद्री.