रोपांचं बारसं

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगरांनाही नावं पडायची होती. अशाच एका बिननावाच्या डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावाला टोमॅटोचं भारी वेड होतं. पण टोमॅटो काही केल्या हाती लागत नसत.

गावची रीतच तशी होती. बी रुजून दोन इवली पानं उघडली, की रोपांना तान्ह्या बाळासारखं जपायचं. मातीचे पसरट परळ चुलीशेजारी मांडायचे, वर ओव्याची धुरी द्यायची. गावची म्हातारी सुईण प्रत्येक परळावर कापडाचं टोपडं चढवायची आणि बाराव्या दिवशी घुगऱ्या वाटून चक्क बारसं व्हायचं. रोपं उंच व्हायची, नाजूक आणि फिकी. मळ्यात लावली, की डोंगरावरचा वारा एका दुपारीत त्यांना आडवं करायचा. मग गाव वाऱ्याला शिव्या घालायचं. आपलं काय चुकतंय, हे विचारायला मात्र कोणाला सवड नव्हती.

तीन वर्षं असंच झाल्यावर पाटील तरुण माळिणीला म्हणाले, "बाई, चिमूटभर बी उरलंय. यंदाही रोपं आडवी झाली, तर मळ्यात गुरं सोडू. निदान गवत तरी उभं राहतं."

माळिणीचा सारा जीव त्या मळ्यात होता. तिला गेल्या सालची एक गोष्ट आठवली. एक फुटका परळ पाण्याच्या खोलीत, खिडकीपाशी विसरून राहिला होता. रांजणांमुळे त्या खोलीत इतका गारवा असे, की पाणी पिताना दात शिवशिवत. परळात एकच रोप होतं, ठेंगणं आणि जाड देठाचं. वाऱ्यात तेवढं एकच तगलं. उरलेलं बी त्याच रोपाचं होतं. गावानं त्याला नशीब म्हटलं. माळिणीला 'नशीब' या शब्दाचाच राग होता.

यंदा तिनं होतं नव्हतं ते सगळं बी पेरलं. उबेत रुजवलं आणि दोन पानं उघडताच सगळे परळ पाण्याच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात नेऊन ठेवले. तीन आठवडे ते तिथंच राहायचे होते. पहाटे फारच कडाका पडला, तर ती खिडकी लावून घेई. रोपांना गारठा द्यायचा होता, मारायचं नव्हतं.

आठवडा झाला, तरी रोपं वाढेनात. पानं खालून जांभळट झाली. ही बातमी गावभर झाली आणि पेटती शेगडी घेऊन सुईण दारात उभी राहिली.

"बये, लेकरं निळी पडली तुझी. हो बाजूला."

"आत्या, शेगडी बाहेर ठेवा."

"या हातांवर अर्धं गाव जन्माला आलंय. तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही, विचारते. पोर जन्मलं की आधी काय करता तुम्ही?"

"तळव्यावर टिचकी मारते."

"लगेच दुपट्यात का नाही गुंडाळत?"

"आधी रडायला नको? रडलं की छाती उघडते. न रडलेलं पोर..." सुईणीची नजर परळांकडे गेली.

"मग माझ्या लेकरांनाही थोडं रडू द्या," माळीण म्हणाली. "अजून दोनच आठवडे."

सुईणीनं वाकून एक जांभळट पान बोटानं उलटून पाहिलं. मग तिनं शेगडी उचलून अंगणात नेली. "पण मी इथंच बसणार. तुझा काय भरवसा."

आणि ती खरंच बसली. रोज, दोन शाली पांघरून, नाक पुसत. "रोपांचं माहीत नाही, मी मात्र चांगली कडक झालेय," असं कुरकुरायची. पण दुसरं कोणी शेगडी घेऊन आलं, की तीच हाकलून द्यायची. "रडतायत ती. रडू दे."

तीन आठवड्यांनी रोपं ओसरीवरच्या उन्हात आली आणि भराभर वाढली. देठ जाड होते, पानं गर्द हिरवी. मळ्यात लागवड झाली आणि चौथ्या दिवशी वारा सुटला. सारं गाव बांधावर जमलं. पाटलांनी तर गुराख्याला गुरांसकट बोलावून ठेवलं होतं.

रोपं वाकली. पार मातीला टेकली. माळिणीनं डोळे मिटून घेतले.

"उघड डोळे," सुईण म्हणाली. "उठली बघ."

वारा दुपारभर झोंबत राहिला. रोपं वाकत राहिली, उठत राहिली. सांजवेळी गुराखी जांभई देत गुरं घेऊन परत गेला.

पुढं फुलं आली तीही भरघोस, अगदी बुडाजवळच्या घोसापासून. त्या साली टोमॅटो इतके झाले, की पाटील एकाच ताटात सार, चटणी आणि कोशिंबीर वाढून घेऊ लागले.

बारसं तेवढं राहून गेलं होतं. पहिलं फळ लाल झालं, त्या दिवशी सुईण घुगऱ्या घेऊन मळ्यात आली आणि कनवटीचं टोपडं काढून तिनं त्या फळावर चढवलं.

"आत्या, पुन्हा टोपडं?" माळिणीनं विचारलं.

"आता चालतंय. त्याचं रडून झालंय."

नाव ठेवायचा मान आत्याचाच. फळाला कान नव्हता, म्हणून सुईणीनं देठाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. गावाला ते ऐकू गेलं नाही. माळिणीला गेलं असावं, कारण ती किती तरी वेळ हसत होती.

तात्पर्य: ज्याला पुढं वाऱ्यात उभं राहायचं आहे, त्याला माया करणाऱ्यानंच वेळेवर थोडा गारठा सोसू द्यावा.