पोचा पडलेला बंब

"त्रिंबकशेठच्या फोटोवाल्या पोरीनं म्हणे शेठलाच लिलावात…"

एवढंच कानावर आलं आणि गिरणी सुरू झाली. पुढचं वाक्य ज्वारीबरोबर दळलं गेलं. मी डबा तिथेच ठेवून तडक शेठच्या दुकानाकडे निघाले. आमची भिंत त्यांना लागूनच, त्यामुळे सकाळचं भांडण मी खिडकीतून ऐकलेलं होतंच.

त्रिंबकशेठ तांबट जुनी तांब्यापितळेची भांडी मोबाईलवरच्या लिलावात विकतात. फोटो काढून ते साफसूफ करायचं काम रेणुका वाघचौरेचं. डाग पूस, पोचा मिटव, हे सगळं शेठच सांगणार. पाणी तापवायचा एक बंब असाच दोनदा गेला आणि दोनदा परत आला. पहिल्या गिऱ्हाइकाला फोटोत नसलेला पोचा सापडला. दुसऱ्या वेळी शेठ म्हणाले, अजून साफ कर. मग पोच्याबरोबर बंबावर घातलेलं नावही फोटोतून गेलं. ह्या वेळच्या गिऱ्हाईक बाईनं खोकं उघडलं, तर बंबावर "सौ. अनसूयेस, मामाकडून". तिचा फोन आला, "मी कुणाच्या मामाच्या बंबातलं पाणी अंगावर घेऊ?"

लिलाववाल्यांनी कळवलं, आता एक जरी वस्तू परत आली तर तुमचं खातं बंद. आज सकाळी शेठनं सगळा राग रेणुकावर काढला.

"आज बंब पुन्हा लिलावात लावायचा. फोटोला केसाइतकाही हात लावायचा नाही."

"बरं."

"चारही बाजूंचे फोटो हवेत, पण पोचा दिसता कामा नये. फडकं टाकायचं नाही, फुलं ठेवायची नाहीत."

"बरं."

"आणि फसवलं म्हणून कुणी परत पाठवता कामा नये. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

"पण शेठ, पोचा तुमच्याच हातनं पडलाय. टेम्पोतून उतरवताना."

"ते फोटोत दिसतं का?"

"नाही."

"मग गप काम कर."

रेणुकानं चिंच-मीठ लावून बंब लखलखीत घासला. तीन बाजूंचे फोटो झाले. मग तिनं बंब फिरवून पोच्याची बाजू पुढे घेतली.

"शेठ, जरा इकडे या. बंब केवढा आहे ते लोकांना कळायला शेजारी माणूस हवा."

शेठनं लगेच टोपी सारखी केली. "असा उभा राहू?"

"अजून चिकटून. अजून. हां, पोट टेकू द्या."

मी पोचले तेव्हा दुकानात ही गर्दी. शेठ मोबाईल हातात धरून तांब्यासारखे लाल झालेले. फोटोत बंबाला बिलगून शेठ, आणि खाली रेणुकानं लिहिलेलं: "हे आमचे मालक. यांच्या पोटामागे तळहाताएवढा पोचा आहे. तो यांनीच पाडला. वर 'सौ. अनसूयेस, मामाकडून' असं नावही आहे. बघून, विचार करून बोली लावा."

बोली तर सारखी वर चढत होती. कोल्हापूरच्या एका बाईंनी विचारलं होतं, "मालक बंबाबरोबर येणार की वेगळे घ्यावे लागतील?"

"अगं, जग हसतंय मला," शेठ कळवळून म्हणाले. "निदान माझं पोट तरी कमी कर फोटोत. तुझं दोन मिनिटांचं काम."

"करते की," रेणुका म्हणाली. "पण पोट कमी केलं तर पोचा दिसेल, शेठ."

शेठनं आपल्या पोटाकडे पाहिलं. मग असे हसले, असे हसले, की पोट आपटून बंब टण्णकन वाजला. रेणुका घाईनं नवा पोचा पडला का ते बघायला धावली.

संध्याकाळी लिलाव संपला आणि बंब कोल्हापूरच्या त्याच बाईंनी घेतला. चार दिवसांनी त्यांनी लिहिलं, "पोचा सांगितल्या जागीच आहे." उपड्या घंगाळावर बसून काम करणाऱ्या रेणुकाला शेठनं फिरती खुर्ची आणून दिली, पाठ टेकायची.

मी मात्र लिलाव संपला त्याच संध्याकाळी पीठ आणायला गिरणीत गेले आणि सगळ्यांना नीट सांगितलं, "शेठ लिलावात चढले हे खरं. पण विकला गेला तो बंब."

"म्हणजे शेठ इथेच आहेत?" गिरणीवाली म्हणाली. तिला जरा वाईटच वाटलं.