पंखेवाला गेनू आणि महाराजांचं विशेषण

करंजगडच्या जयसिंगराव महाराजांनी पंखेवाल्या गेनूला भर दुपारी घोरताना पकडलं. छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, तोंड उघडं, आणि पंखा जागच्या जागी. एरवी दोन शिव्या खाऊन गेनू सुटला असता. पण त्याच दिवशी महाराजांनी स्वतःसाठी नवं इंग्रजी विशेषण घेतलं होतं.

त्याचं असं झालं. एका मेजवानीत इंग्रज साहेबानं शेजारच्या संस्थानिकाला सगळ्यांदेखत ‘एनर्जेटिक’ म्हटलं होतं. महाराजांना ते फार लागलं. परतल्यावर त्यांनी इंग्रजी शिकवणाऱ्या पेंडसे मास्तरांना बोलावून घेतलं.

“आम्हाला त्याच्याहून वरचा शब्द हवा.”

“एनर्जेटिक म्हणजे अंगात उत्साह असलेला,” मास्तर म्हणाले. “तो पोराटोरांना चालतो, घोड्यालाही चालतो. टायरलेस म्हणजे न थकता काम करणारा. लोकांसाठी झिजणाऱ्याला तो शोभतो. रिलेंटलेस मात्र जपून वापरावा, महाराज. जे स्वतः थांबत नाही आणि दुसऱ्यालाही उसंत देत नाही, त्याला तो लावतात. मुसळधार पाऊस, वैशाखातलं ऊन, असं काही.”

“सगळ्यात लांब कोणता?”

“इनडिफॅटिगेबल. कितीही दमवा, दमायचाच नाही असा.”

“तोच द्या.”

हा शब्द तोंडात घोळवत महाराज ओसरीवर आले, तर समोर गेनू. न दमणाऱ्या राजाच्या पदरी असला झोपाळू नोकर? साहेबानं पाहिलं तर काय म्हणेल?

“ऊठ रे,” महाराज गरजले. “उद्या जेवण झालं की आम्ही कामाला बसणार. तू पंखा ओढायचा. तू आधी थांबलास तर बायकोला घेऊन महालाच्या आवारातलं घर सोडायचं आणि चालायला लागायचं.”

“आणि सरकार आधी थांबले तर?”

मागोमाग आलेल्या मास्तरांनी घाईघाईनं अंगणाकडे पाहिलं. महाराज मात्र हसले. “तर आमचं विशेषण तुझं. मास्तर न्याय करतील.”

गेनूनं घरी येऊन बायकोला, ठकूबाईला, सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. नवऱ्याला ती ओळखून होती. लग्नात अंतरपाट धरलेला असताना याला डुलकी लागली होती, आणि ही गोष्ट गावभर रंगवून सांगणाराही गेनूच होता.

“आता जायचं कुठं आपण?”

“जाऊ कुठंबी. मला झोपायला कुठलीबी जागा चालते.”

ठकूबाई हसली नाही. दारातल्या दोडक्याच्या वेलाला नुकती फुलं आली होती, त्या फुलांकडे ती बघत राहिली. तेव्हा कुठे गेनू विचाराला लागला. जागं राहण्यात आपण मांजरालाही हरवू शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग राहिलं काय? आपल्या आधी महाराजांनाच झोप लागली पाहिजे. आणि झोप कशी लागते, हे सांगायला त्याला कुणाची गरज नव्हती. आयुष्यात एवढी एकच गोष्ट तो मन लावून शिकला होता.

दुसऱ्या दिवशी महाराज श्रीखंड-पुरी जेवले. गेनू उपाशी राहिला. वाळ्याच्या पडद्यांवर त्यानं पाणी मारलं, भिंतीला न टेकता ओसरीच्या मधोमध बसला, आणि रोजच्यासारखे हिसके न देता दोरी हलकेच, लांबवर ओढू लागला. आत गार वाऱ्याचे संथ झोके जाऊ लागले. महाराजांनी एका कागदावर सही केली. दुसऱ्या कागदावरची सही अर्ध्यावर वाकडी झाली.

इकडे गेनूचीही गत बरी नव्हती. त्यानं मांडीला चिमटे काढले, जीभ चावली. पापण्या काही ऐकेनात. हनुवटी छातीला लागली, हात सैल पडायला आला, आणि तेवढ्यात आतून घोरण्याचा असा काही आवाज उठला, की गेनू दचकून सरळ झाला. त्यानंतर झोपायचं म्हटलं तरी त्याला झोपता येईना.

दिवेलागणीला महाराज जागे झाले. गालाला एक अर्ज चिकटला होता. दारात मास्तर उभे, त्यांच्यामागे निम्मा दरबार. पंखा हलतच होता.

“आम्ही डोळे मिटून विचार करत होतो,” महाराज म्हणाले. “बोला मास्तर, आधी कोण थांबलं?”

मास्तरांनी पगडी सारखी केली. खरं बोलावं तर महाराजांची शोभा, खोटं बोलावं तर गेनूचं घर जातं. त्यांनी गेनूकडे पाहिलं.

गेनूनं दोरी सोडली आणि आत येऊन हात जोडले. खांदे पार गळून गेले होते. “सरकार, मास्तरांना कशाला पेचात टाकता? थांबलं कुणीच नाही जी. मी पंखा ओढायचा थांबलो नाही, आणि सरकार झोपायचे थांबले नाहीत.”



“माझी डुलकी कशानंही मोडते,” गेनू पुढे म्हणाला. “सरकारांची झोप बघा. मास्तर खाकरले, पंखा करकरला, कावळ्यांनी गोंधळ घातला, तरी सरकार दमले नाहीत. मी नुसता आळशी माणूस. एवढी मेहनत मला झोपेतबी झेपायची नाही. ते विशेषण सरकारांनीच ठेवावं.”

महाराजांच्या मिशीचं टोक हललं. “मास्तर, झोपेला चालतो का हो तो शब्द?”

“तो प्रयत्नाला लावतात, महाराज,” मास्तर चाचरत म्हणाले. “आणि प्रयत्न तर सगळ्यांना दिसत होता.”

“मग घोरण्याला कोणता?”

मास्तरांनी मान खाली घातली. “रिलेंटलेस.”

महाराज असे हसले, की गालावरचा अर्ज गळून पडला. मग सगळा दरबारच हसू लागला. महाराजांनी हातातलं चांदीचं कडं काढून गेनूच्या मनगटात घातलं आणि राहतं घर त्याच्या नावावर करून दिलं.

“आणखी काय हवं ते माग,” डोळे पुसत महाराज म्हणाले.

“मागतो जी,” गेनू म्हणाला, “पण आधी जरा झोपून घेऊ का?”