डावखुरी गाठ

फार पूर्वी, लोक आपली पुंजी गाठोड्यात बांधून पेढीवर ठेवायला देत, त्या काळात एका गावात एक पेढीवाला शेठ होता. गावचा रिवाज असा, की ज्याने त्याने आपल्या गाठोड्याला आपल्या हाताने गाठ मारायची आणि सोडायचीही त्यानेच. शेठने फक्त सांभाळायचं.

शेठची बोटं मात्र भारी हुशार. कोणाचीही गाठ सोडून तो पुन्हा हुबेहूब मारायचा. लवकर कोणी न्यायला येणार नाही अशा गाठोड्यांतली नाणी काढायचा, खडे भरायचा. बघता बघता हवेली उभी राहिली, दारात घोडे आले. लोक म्हणायचे, "शेठचा हात लागला की मातीचं सोनं होतं." सोन्याचे खडे होत होते, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक!

पापाचा घडा भरला तो एका फुलवाल्या म्हातारीपाशी. ती डावखुरी, आणि शेठने तिची गाठ मारली उजव्या हाताने. लेकीच्या लग्नासाठी ती गाठोडं न्यायला आली आणि बघताक्षणीच म्हणाली, "ही माझी गाठ नव्हे." आत खडे निघाले. मग एकेक करत सगळ्यांचीच गाठोडी सुटली. राजाने हवेली विकून लोकांचं जमेल तेवढं परत केलं आणि शेठला दहा वर्षं तुरुंगात धाडलं.

तिथे तो दोर वळायला शिकला. सुटून गावात आला, देवळामागे पडवीत राहू लागला. पण त्याचा दोर कोणी घेईना. त्याला बघून लोक रस्ता बदलत. शेठला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक दिवस तीच फुलवाली समोर उभी राहिली. हातात गाठोडं.

"लेकीच्या बाळंतपणाला चाललेय. पंधरा दिवस हे सांभाळशील?"

"मावशी, मला देतेस? मला?"

"तुलाच," म्हणाली आणि गेली.

गाठोड्यात पितळी डबा होता. हलला की आत खळखळ वाजायचा. शेठच्या पोटात आग पडलेली, देवळातला चिमूटभर प्रसाद तेवढा आधार. आणि दोर वळून वळून आता त्याला डावखुरी गाठही मारता येत होती! सोडली असती तर देवालाही कळलं नसतं. बोटं शिवशिवायची. मग तो हात काखेत दाबून बसायचा.

पंधरा दिवसांनी म्हातारी आली. गाठ निरखून बघितली. मग त्याच्या खोल गेलेल्या गालांकडे बघितलं आणि मटकन खाली बसली.

"उघडलं नाहीस?"

"तुझी गाठ होती, मावशी."

तिने गाठ सोडली, डब्याचं झाकण काढलं. आत गूळ आणि फुटाणे.

"मला वाटलं, जित्याची खोड, तू उघडशीलच. म्हटलं, उघडलंस तर निदान चार घास पोटात जातील," म्हातारीचे डोळे भरून आले. "माझंच चुकलं रे, बाबा."

शेठ लहान मुलासारखा रडला. मग दोघांनी मिळून ते फुटाणे खाल्ले. थोडे सादळले होते, पण शेठला हवेलीतलं पंचपक्वान्न कधी इतकं गोड लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने फुलांची टोपली त्याच्याच दोराने बांधली आणि भर बाजारात सगळ्यांना दिसेल अशी मांडली.

तात्पर्य: शिक्षा राजा देतो, पण चुकलेल्याला पुन्हा माणसांत घ्यायचं काम शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच करावं लागतं.