बाभळीचा पाय

फार वर्षं झाली त्याला. तेव्हा धोंडमाळला घाटरस्ता नव्हता, आणि पावसात ओढे फुगले की गाव जगापासून तुटायचं. त्या गावात सटवाजी लोहार राहायचा. माळावर माती कमी, दगड फार, त्यामुळे गाड्यांचे आख सारखे मोडायचे. पण सटवाजीनं बसवलेला आख कधी मोडला नाही, असं म्हणतात. नवी गाडी घेतली की लोक आधी त्याच्याकडे न्यायचे, मग देवळात. देवाला राग येत असेलही, पण देव काही आख बसवून देत नव्हता.

त्या काळी जाल दस्तूर नावाचे एक पारशी गृहस्थ आपलं जुनं, दोन माणसांचं विमान घेऊन तालुक्याहून माळावर उतरायचे. औषधं आणायचे, अडल्यानडल्याला घेऊन जायचे. गाव त्यांना जालबाबा म्हणायचं. विमान इतकं म्हातारं, की आधी कुरकुरायचं आणि मग उडायचं.

एका श्रावणात सटवाजीची आईवेगळी, एकुलती लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि अडली. मूल आडवं होतं. सुईणीनं हात टेकले. त्याच दिवशी जालबाबांची फेरी होती, हे नशीबच म्हणायचं. पण नशीबही शेवटी धोंडमाळचं. उतरताना चाक धोंड्यावर आदळलं आणि विमानाचा डावा पाय गेला.

जालबाबांनी पाय सोडवून दाखवला. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, आत तेल आणि जाड स्प्रिंग. विमान जमिनीला टेकलं की पाय दबायचा आणि धक्का गिळायचा. आता तेल वाहून गेलं होतं, नळी वाकली होती, स्प्रिंगचे तुकडे झाले होते. नवा पाय शहरातून यायचा तर ओढे उतरेपर्यंत थांबावं लागणार होतं. सगुणाला तेवढा वेळ कुठला? सटवाजी म्हणाला, मी करतो.

भाता सुरू झाला. नळी सरळ झाली, लोखंडाला पीळ देऊन स्प्रिंगही झाली. जालबाबा पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, की पाय दबला पाहिजे. सटवाजी मान डोलवत होता. मग जालबाबा पेट्रोल भरायला गेले आणि सटवाजीनं पाय दाबून पाहिला. तो दबला. जन्मभर सटवाजी एवढंच शिकला होता, की जे दबतं ते मोडतं. घरातून लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं. त्यानं स्प्रिंग काढून फेकली, वाळल्या बाभळीचा दांडा तासला, नळीत गच्च ठोकला आणि वरून लोखंडी कडी चढवली. बिचाऱ्यानं आपला सगळा जीव त्या ठोक्यांत ओतला.

जालबाबांनी पंखावर भार देऊन पाहिलं. पाय तसूभर हलला नाही. त्यांनी विचारलं तेव्हा सटवाजीनं बाभळीचं सांगितलं, लपवलं नाही. म्हणाला, "हत्ती बसवा. मोडायचा न्हाय."

जालबाबा पाय पुन्हा सोडवायला वाकले. पण तेवढ्यात सगुणाचं कण्हणं थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांनी तिला उचलून विमानात बसवलं. माळावरून विमान गाडीसारखं खडखडत धावलं आणि उडालं. सटवाजी ते दिसेनासं होईपर्यंत हात जोडून उभा होता.

ओढे उतरले तेव्हा जालबाबा बैलगाडीतून आले, काखेत कुबड्या. विमान तालुक्याच्या मैदानावर टेकलं होतं. धक्का गिळायला पायात काही नव्हतं, म्हणून तो सगळा वर विमानात गेला. पंख मोडला, विमानाचं पोट फाटलं, ते उलटलं. सगुणा गेली, पोटातलं मूल गेलं. गाडीत त्यांनी तो पाय आणला होता. सगळं मोडलं, पाय तेवढा जसाच्या तसा होता.

सटवाजीनं एकच विचारलं, "काय बोलली का?"

जालबाबांना खोटं बोलता आलं नाही. "उतरताना मी म्हटलं, बेटा, घट्ट धर. ती म्हणाली, भिऊ नका, माज्या बानं केलंय, मोडायचं न्हाय."

त्यानंतर सटवाजीच्या भट्टीत कोळसा पेटला नाही, लोखंड तापलं नाही, असं म्हणतात. तो माळावरचे दगड उचलू लागला. आता इथे कधीच विमान येणार नाही, असं जालबाबांनी परोपरीनं सांगितलं. तो ऐकेना. जो दगड उचलत नसे त्याच्यापाशी बसून तो रडे, आणि तो दगड आपसूक मातीत दबे, असं म्हणतात. दबावं लागतं हे दगडाला कळलं, पण फार उशिरा. शेवटी एका उन्हाळ्यात तो थकून माळावर आडवा झाला, आणि भुई त्याच्याखाली गादीसारखी खचली. लोक त्याला काढायला धावले, पण माती इतकी मऊ झाली होती, की त्यांचेच हात खोल जात राहिले. सटवाजी सापडला नाही.

आता धोंडमाळला डांबरी रस्ता आहे, दवाखान्याची गाडी दारात येते. तरी लेक पहिल्या बाळंतपणाला आली, की बाप आधी अनवाणी माळावर जातो, एक दगड उचलतो आणि बांधापलीकडे नेऊन ठेवतो. माझी लेक घट्ट राहू दे, असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, "सटवाजी, धक्का तू घे." काही लेकी सुखरूप सुटतात, काही सुटत नाहीत. माळ दर पावसाळ्यात नवे दगड वर काढतो, आणि बाप ते उचलत राहतात.