सातवी चूक

टोरांटोच्या एका शाळेत मुजुमदार सर बावीस वर्षं त्याच नोट्स वाचून कॅनडाचा इतिहास शिकवत. त्यांच्या तासाला मुलं जांभया देत. शेजारच्या वर्गात मात्र नवी शिक्षिका केतकी सबनीस रेल्वे बांधणीवरची टीव्ही मालिका दाखवी, आणि तिथली मुलं सुट्टीची घंटा झाली तरी हलत नसत. भिंतीपलीकडून हशा आला की सरांच्या अंगाचा तिळपापड होई.

अखेर सगळे भाग पाहून सरांनी चुका टिपल्या आणि थेट मुख्याध्यापिकांनाच त्या वर्गात आणलं.

"मॅडम, या मालिकेत सहा चुका आहेत! अठराशे पंच्याऐंशी सालच्या स्टेशनवर आजचा मेपलच्या पानाचा झेंडा! हा काय इतिहास झाला?"

"सहाच?" केतकी म्हणाली. "मुलांनी सात काढल्यात."

एक मुलगी वही घेऊन उठली. "सातवी चूक म्हणजे, रेल्वेसाठी राबलेले हजारो चिनी मजूर मालिकेत कुठेच दिसत नाहीत."

"काहीतरीच!" सर उसळले. "माझ्या नोट्समध्येसुद्धा ते कुठे नाहीत!"



"म्हणून तर मालिका लावते, सर," केतकी शांतपणे म्हणाली. "तिच्या चुका काढायला मुलं भीत नाहीत."